औदादला मॅग्नम लागतेच का? गोळी कोणती, नेम कुठे?

खडकवाट
पश्चिम टेक्सासात औदाद मारायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो मॅग्नमचा, म्हणजे जास्त दारूच्या, जोरकस काडतुसाचा. ‘जनावर चिवट आहे, .३०० विन्चेस्टर मॅग्नमच्या खाली उतरू नका.’ मला हे पटत नाही.

औदाद म्हणजे बार्बरी मेंढा. तो चिवट आहे यात वाद नाही. मोठा नर सव्वाशे किलोच्या आसपास भरतो, कातडं जाड, हाडं दणकट, आणि गोळी भलत्या जागी बसली तर कड्याकपारीत असा नाहीसा होतो की शोधत बसावं. पण त्याच्या चिवटपणाचे किस्से नीट ऐका. बहुतेकांत गोळी मागे बसलेली असते. हरणाची सवय असलेला माणूस पुढच्या पायाच्या मागे नेम धरतो. औदादचं हृदय आणि फुप्फुसं छातीत पुढे आणि खाली असतात. त्यात गळ्यापासून छातीवर आणि पुढच्या पायांवर लोंबणारे केस खांद्याची रेषा झाकून टाकतात, मग नजर आपोआप मागे सरकते. गोळी यकृतात किंवा थेट पोटात.

जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मधोमध सरळ वर या आणि छातीच्या उंचीचा खालचा तिसरा भाग संपतो तिथे थांबा. एवढं केलं तर .२७० विन्चेस्टर पुरते. १३० किंवा १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) घट्ट बांधणीची गोळी घ्या, बाँडेड, म्हणजे शिशाचा गाभा वेष्टनाला पक्का जोडलेली, किंवा अख्ख्या तांब्याची. हे काडतूस १९२५ सालचं आहे आणि अमेरिकन शिकारी-लेखक जॅक ओ’कॉनरने रानमेंढरांच्या शिकारीत त्याचंच नाव केलं.

तीनशेवाला
ओ’कॉनर आला म्हणजे वाद संपला, असं तुम्हाला वाटतंय का? तो माणूस नेमबाज होता आणि जनावराच्या जवळ जाणारा होता. आपण दोन्ही नाही.

तुमचा मेंढा आडवा उभा राहून वाट बघतोय. माझा तिरका उभा असतो, अर्धा खडकामागे, आणि दरीतला वारा दर मिनिटाला दिशा बदलतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर तुमची १३० ग्रेनची गोळी सहा-सात इंच ढकलतो. म्हणजे खांद्यावर धरलेला नेम पोटात. वारा माझ्या गोळीलाही ढकलतो, मान्य. पण शेवटच्या बरगडीतून शिरून पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचायचं तर वजन लागतं. १८० ग्रेनची .३०० मॅग्नम नळीतून निघताना साधारण ३५०० फूट-पाउंड ऊर्जा घेऊन निघते, तुमची .२७० सुमारे २७००. हा फरक कागदावरचा नाही.

खडकवाट
आणि धक्का? सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० चा धक्का .२७० च्या दीडपटीच्या घरात जातो. चाप ओढताना डोळे मिटणाऱ्याच्या हातात ८०० फूट-पाउंड जास्त दिले तर ते पोटातच जास्त जाणार. शेवटच्या बरगडीतून मारायची वेळ आली तर मी थांबेन. जनावर वळतं.

तांबट
तुम्ही दोघं काडतुसावर भांडताय आणि गोळी बाजूलाच राहिली. (टोपणनावावरून माझा पक्ष कळला असेलच.)

लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या पातळ वेष्टनाच्या गोळ्या ५०० यार्डांवर छान उघडतात. तीच गोळी १०० यार्डांवर, पूर्ण वेगात, औदादच्या खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर फुटू शकते. बाहेर मोठी जखम, आत फुप्फुसं शाबूत. हे .३०० मॅग्नममध्ये जास्त होतं, कमी नाही, कारण वेग जास्त. तीनशेवाले, तुम्ही कोणती गोळी वापरता ते सांगितलंच नाहीत.

तांब्याच्या गोळीचं उलट. हाड फोडून आरपार जाते, वजन जवळपास तेवढंच राहतं. पण तिला उघडायला वेग लागतो. सेकंदाला २००० फुटांच्या खाली आली की माझा तिच्यावरचा विश्वास संपतो, मग ती बारीक भोक पाडून निघून जाते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. शिशाची १८० ग्रेन वापरत असाल तर तांब्याची १६५ घ्या, वेगही मिळेल. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तिथल्यांचा हा वाद कधीच मिटला.

मागकरी
आरपार, आरपार काय करताय? औदाद कळपात असतो. नराच्या मागे मादी उभी आहे, तिच्यामागे पिल्लू, आणि तुमची तांब्याची गोळी तिघांतून जाणार. माद्यांनाही शिंगं असतात, त्यामुळे घाईत नर-मादीचाच घोळ होतो, मागे कोण आहे हे बघायला कुणाला सवड? मी बाँडेडवाला. पलीकडच्या कातड्याखाली अडकली तरी चालेल.

आणि मी नेम वर धरतो, खांद्याच्या वरच्या भागात, जिथे मणका खाली उतरलेला असतो. जनावर जागच्या जागी पडतं. कड्याच्या टोकावर उभा असलेला नर हृदयात गोळी खाऊनही पन्नास पावलं पळतो, आणि ती पावलं खाली दरीत जातात. शिंगंही गेली, मांसही गेलं.

खडकवाट
वरचा नेम हे औदादवरचं सगळ्यात धोक्याचं काम आहे. मानेवरचे उभे केस आणि मणक्याचे उंच काटे यामुळे छाती आहे त्यापेक्षा उंच वाटते. दोन-तीन इंच वर गेलात की गोळी नुसत्या काट्यांना लागते. जनावर धाडकन पडतं, तुम्ही एकमेकांच्या पाठी थोपटता, आणि तेवढ्यात ते उठून चालू लागतं. कळपाचं मात्र बरोबर आहे. मागे दुसरं जनावर असेल तर कुठलीच गोळी सोडायची नाही, बाँडेडही नाही. ती कातड्याखाली अडकेल याची हमी कोण देणार?

वाटसरू
मी शिकार करत नाही, म्हणून हे विचारते. उत्तर आफ्रिकेत, म्हणजे त्याच्या मूळ घरी, हा प्राणी असुरक्षित यादीत आहे. इथे त्याला कसा पाडायचा यावर एवढा काथ्याकूट?

तांबट
रास्त प्रश्न आहे. टेक्सासात तो १९५७-५८ मध्ये पालो ड्युरो दरीत आणून सोडला. आता तो तिथल्या मूळच्या डेझर्ट बिगहॉर्न या रानमेंढ्यांचं चारापाणी खातो, आणि त्यांना न्यूमोनिया करणारा मायकोप्लाझ्मा हा जिवाणूही बाळगतो. बिगहॉर्न राखायचे तर औदाद कमी करावेच लागतात.

वाटसरू
आणला शिकारीसाठीच ना? आणि आता त्याच्या शिकारीचे पैसे मिळतात म्हटल्यावर तो पुरता संपावा असं किती जमीनमालकांना वाटतं? बिगहॉर्नचं कारण खरं असेल, पण नुसतं तेवढंच नाही.

मागकरी
हे मान्य करावं लागेल. तरी मारायचाच असेल तर एका गोळीत मेला पाहिजे, म्हणून हा काथ्याकूट.

तीनशेवाला
गोळीचं विचारलंत म्हणून सांगतो, १८० ग्रेन बाँडेड. पण उताराबद्दल कुणीच बोललेलं नाही. ३० अंशांच्या उतारावर ४०० यार्ड दिसत असतील तर गोळीच्या घसरणीचा हिशोब सुमारे ३४६ यार्डांचा करायचा. नाहीतर गोळी वरून जाते, आणि मागकरींच्या वरच्या नेमाला तर मग जागाच उरत नाही. वरून मारताना ती कुठून बाहेर पडेल ते आधी बघा. शिरायची जागा वर सरकते, बाहेर पडायची पुढच्या दोन पायांच्या मध्ये यायला हवी. आणि ४०० यार्डांवर खडकवाटांची .२७० तांब्याची गोळी उघडेल का, हे तांबटांनी सांगावं. माझा प्रश्न अजून तिथेच आहे.

तांबट
१३० ग्रेन नळीतून सेकंदाला ३०६० फुटांनी निघाली तर उघडेल, पण फार शिल्लक ठेवून नाही. काडतुसांच्या डब्यावरचा वेग बहुधा २४ इंची नळीत मोजलेला असतो. २२ इंची असेल तर आधी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मोजा, मग ४०० चं बोलू.