मन उतरलं की तुम्ही काय करता? बारक्या सुखांनी खरंच फरक पडतो का?

कडकभाकरी:
मंडळी, वादाचा विषय टाकते. माझं मत असं की मन उतरलं की त्याचं मूळ खणत बसण्यापेक्षा हाताशी असलेलं एखादं बारकं सुख आणि एखादं चालू खूळ जास्त कामाला येतं.

गेल्या उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर, नळाला पाणी चार दिवसांआड, ऑफिसात ऑडिट आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं एकदम आलं. घरी आलं की कुणाशी बोलूच नये असं व्हायचं. त्यात मला शेंगाचटणीचं खूळ लागलं. डंकावर कुटलेली विकत मिळते की, पण मला घरीच कुटायची होती. आईकडचा लोखंडी खलबत्ता आणला. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साल थोडी राहिली तरी चालते. मग लसूण, जिरं, मीठ, तिखट आणि कुटत राहायचं. मिक्सरमध्ये नुसतं कूट होतं. खलबत्त्यात दाण्याचं तेल सुटतं, चटणी बत्त्याला धरायला लागते आणि लाल रंग चढत जातो. दंड भरून येतो, पण तेल सुटेपर्यंत डोक्यात दुसरं काही शिरत नाही. लसूण आधी की मागून, बेडगी किती आणि लवंगी किती, हा विचार घेऊन मी झोपते. पूर्वी ऑडिट घेऊन झोपायचे. नवरा म्हणतो, वेड लागलंय. लागू दे.

तुमचं सध्याचं खूळ काय? आणि ‘असल्यानं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनीही बोला, पण नीट बोला.

गरमहवा:
४३ डिग्रीत चटणी कुटून ज्याचं मन रमतं त्याला उदास करायची कुणाची टाप आहे?

दूरबीण:
ताई, शंभर टक्के पटलं. माझं खूळ सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ. १९७९ साली अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, पण आता माळढोक दिसणं म्हणजे नशीब. तो बघायचाच म्हणून जाणारे तोंड पाडून परत येतात. मी धाविक बघायला जातो. ढेकळाच्या रंगाचा, टिटवीपेक्षा लहान पक्षी. भराभर चार पावलं पळतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, आणि थांबला की समोर असून दिसत नाही. दुर्बीण खाली घेतली की गेला. काळवीट तर दिसतातच. दुर्बीण जुनी आहे, एका काचेला बुरशी आलीय, तरी तासन् तास जातात. पहाटे उठायचा कंटाळा येतो, पण माळावर पाय ठेवला की कंटाळा कुठला! औषध-गोळी नाही, खर्च फक्त पेट्रोलचा.

मागावरचा:
ऐकायला सगळं गोड आहे. पण हे ज्याच्याकडे संध्याकाळ आहे त्याचं बोलणं झालं. मी टॉवेलच्या मागावर आहे. सकाळी आठला उभा राहतो, रात्री आठला हात धुतो. घरी आल्यावरही कानात माग खटखटतच असतो. आई आत्ता बाजूला बसून विड्या वळलालीय. मजुरी हजार विड्यांवर. छाट म्हणून काढलेल्यांचा पैसा नाही, पान कमी भरलं तर पदरचं. तिला काय सांगू, खलबत्ता घे, बरं वाटेल म्हणून? अहो, ती जन्मभर कुटत आलीय. तुमचं ते सुख, तिचं ते काम. आमच्या घरातल्या उदासीचं मूळ खणायचीही गरज नाही ओ, ते वरच दिसतंय. मजुरी वाढवा, मन आपोआप वर येतंय का नाही बघा.

पूर्वभाग:
दादा, तुमचं दुखणं माझ्या घरातलंच आहे. माझी आईसुद्धा विड्याच वळायची. पण गरिबाला खूळ परवडत नाही हे तुम्ही परस्पर ठरवू नका. आमच्या आईला बतकम्माचं, म्हणजे आमच्या तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाचं, वेड होतं. नवरात्र जवळ आलं की महिनाभर आधीपासून तिचं चालायचं, तरवडाची फुलं यंदा कुठल्या माळावर मिळतील, झेंडू कुणाकडून घ्यायचा. ताटात थरावर थर रचायची, खाली रुंद, वर निमुळतं. मधे भर म्हणून पानं चिरून दाबून बसवायची, नाहीतर वरचे थर कलतात. शेजारणीचं आपल्यापेक्षा उंच झालं की दोन दिवस बोलायची नाही! फेर धरून टाळ्या वाजवताना तिचा चेहरा बघायचा होतात तुम्ही. आणि मोर्चातही तीच पुढे असायची. कुंभारीला विडी कामगारांचं गोदूताई घरकुल झालं, दहा हजार घरांचं, ते काय कुणी घरी आणून दिलं नाही. त्या मोर्चाला जाताना गाडीत गाणी म्हणणाऱ्या याच बायका. एक केलं की दुसरं सुटतं असं काही नसतं.

मागावरचा:
ताई, तुमच्या आईला नमस्कार. पण माझ्या आईला आत्ताच विचारलं. म्हणाली, मोबाईलवर सिरियल लावली की हात चालतो. म्हणजे बघा, सुख कशासाठी, तर हात चालायला. मागाला तेल घालतात तसं. माग खूश व्हावा म्हणून कुणी घालत नाही, थांबू नये म्हणून घालतात.

दूरबीण:
वाक्य जबरदस्त आहे भाऊ, पण उत्तर नाही. सिरियल बंद केल्यानं मजुरी वाढणार आहे का?

रात्रपाळी:
मी रुग्णालयात समुपदेशनाचं काम करते, म्हणून दूरबीण यांच्या ‘औषध-गोळी नाही’ला हरकत घेते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, कशातच गोडी वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय, आपण कुचकामी आहोत असं वाटतंय, जगूच नये असे विचार येतायत, तर ते मन उतरणं नव्हे. तो आजार आहे. आणि त्या आजारात पहिली जाते ती गोडीच. अशा माणसाला ‘जरा माळावर फिरून ये, चटणी कूट’ म्हटलं की तो करून बघतो, काही वाटत नाही, आणि ‘आपल्याला एवढंही जमत नाही’ म्हणून आणखी खचतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्यातल्या कितीतरी घरांत ‘मन रमव कशात तरी’ हाच सल्ला चालू असतो. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर जवळ ठेवा.

कडकभाकरी:
मॅडम, आजाराला डॉक्टर हवा, यावर वादच नाही. मी साध्या उतरलेल्या मनाबद्दल बोलत होते. पण मी असंही वाचलंय की तुमच्या उपचारातसुद्धा पेशंटला छोटी छोटी कामं लावून देतात. मग तुम्ही माझ्याच बाजूच्या की!

रात्रपाळी:
अर्धी. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात त्याला. मन लागायची वाट बघायची नाही. काम आधी ठरवायचं, वेळ ठरवायची, मन असो-नसो ते करायचं, आणि नंतर कसं वाटलं ते लिहून ठेवायचं. सुरुवात अगदी बारकी, म्हणजे अंघोळ करून गॅलरीत दहा मिनिटं बसणं इतकी. आठवड्यानं कुणीतरी विचारणारं असतं. तुमचं खूळ आपोआप लागलं, तुमचं नशीब. ज्याला लागत नाही त्याला ठरवून, हात धरून न्यावं लागतं. आणि ‘मूळ खणू नका’ हे मला अजिबात मान्य नाही. तुमच्या उन्हाळ्यात सासूबाईंचं कुणी वाटून घेतलं असतं, तर चटणी थोडी कमी कुटावी लागली असती.

कडकभाकरी:
हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो आता गप्प आहे.

हुतात्माएक्सप्रेस:
माझं जरा वेगळं रडगाणं. नोकरीला पुण्यात आहे. माझं खूळ म्हणजे सोलापूरचे रील. गड्ड्यातले, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतले पाळणे, नंदीध्वजाच्या काठ्या, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर पडणाऱ्या अक्षता, हुरड्याची आगटी. बघायला लागलो की रात्रीचे दोन. सकाळी आधीपेक्षा जास्त उदास. त्याआधी फाउंटन पेनांचा नाद होता. पार्सल निघालं, पार्सल पोचलं, एवढीच मजा. डबा उघडला की संपलं, पुढचं पेन शोधायला सुरुवात. लिहायला काही नव्हतंच. त्यामुळे ‘खूळ लावा, मन वर येईल’ हे सरसकट मला पटत नाही. चटणीत हात दुखतो, माळावर पाय दुखतात. माझ्या दोन्ही खुळांत फक्त अंगठा हलत होता.

गरमहवा:
मित्रा, शनिवारी गाडीत बस बे. रील बघून हुरडा मिळत नसतो.

नलूमावशी:
तुमचं इंग्रजी मला कळत नाही, पण ती मॅडम बोलली ते खरं आहे. मालक गेल्यावर मी घरात कोंडून घेतलं होतं. आमच्या बोळातल्या पोरी गणपतीच्या लेझीमचा सराव करतात. सहाच्या ठोक्याला दारात येऊन उभ्या राहायच्या, मावशी चला. पोरींना परत कसं पाठवायचं म्हणून जायची. मन झालं की जाईन म्हटलं असतं तर अजून त्या खाटेवरच असते. आता गुडघे धरतात, तरी पहिल्या ओळीत मीच. आणि या वयात लेझीम शोभत नाही म्हणणाऱ्या आमच्या जावेला सांगून ठेवते, पुढच्या वर्षी तुला पण ओढणार आहे.

मागावरचा:
मावशी, सहाला दारात पोरी येतात हे झाक आहे. पण आमचा माग आठला सुटतो. आमच्यासारख्यांनी कधी यायचं? मजुरीचं मी सोडलेलं नाही, तो मुद्दा तसाच आहे.

नलूमावशी:
सोडू नको रे, कोण सोड म्हणलंय. पोरांचा सराव साडेआठला असतो, शाळेच्या पटांगणात. दहाला बंद करावं लागतंय, पोलीस येतात. जेवून येऊ नको, पोटात दुखतंय. आणि हलगीवाला पोरगा गावाला गेलाय, तुला वाजवता येतंय का तेवढं सांग.