अनुभव धागा : सेवा करायला गेलो, काय शिकून आलो?

मंडळी, मुलगी यंदा कॉलेजात एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घालून आली. "दोन वर्षांत 240 तास भरायचे आहेत पप्पा," म्हणाली आणि मला माझं खानापूर तालुक्यातलं सात दिवसांचं शिबिर आठवलं. ही योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. 'मी नव्हे, तू' हे तिचं बोधवाक्य आम्ही रोज सकाळी म्हणायचो. अर्थ कळला तो ओढ्यात उतरल्यावर.

वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटची रिकामी पोती मातीनं भरली, थरावर थर चढवले, फोटो काढले. तिसऱ्या दिवशी बघतो तर सांध्यांतून वाट काढून पाणी मोकळं. रोज त्या वाटेनं जाणारे एक शेतकरी काका तेव्हा थांबले. "भिंत रचताना सांध्यावर सांधा येऊ देता व्हय? आणि मधे चिकणमाती दाबा की." पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत, म्हटलं, तर म्हणाले, "विचारलंसा कुठं?"

पोरीला सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे. तुमच्याजवळचं लिहा. सत्काराचं नको, मनात राहिलेलं लिहा.

निपाणीहून

ऑगस्ट 2019. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं होतं आणि निपाणीतून कुठं जायची सोय नव्हती. रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही मंडळाची पोरं टेम्पो भरून कृष्णाकाठच्या एका गावी गेलो. कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. गाव सगळं कन्नड बोलणारं, आमच्यात कन्नड येणारं कोणी नाही.

शाळेच्या व्हरांड्यात एका अज्जीनं माझा हात धरला. "मेवु ऐतेन तम्मा?" मला वाटलं भूक लागली असेल, बिस्किटाचा पुडा दिला. तिनं तो परत माझ्या हातात ठेवला आणि तेच पुन्हा विचारलं. शेवटी एका शाळकरी पोरानं सांगितलं, मेवु म्हणजे वैरण. तिची म्हैस दोन दिवस उंचवट्यावर उपाशी बांधलेली होती आणि म्हैस उपाशी म्हणून अज्जीच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. बाजूला आमच्या आधी आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग पावसात भिजत पडला होता. कुणी हात लावत नव्हतं, आणि त्यात आमचा आणखी एक गठ्ठा.

त्या रात्री परत येऊन माळावरच्या गावांत फिरलो. कडबा, ओली वैरण, ज्यानं जे दिलं ते घेतलं. कन्नड येणारा एक मित्र जोडीला घेऊन दुसऱ्या खेपेला घरोघर विचारलं. यादीत काय निघालं सांगतो : खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, बॅटऱ्या. बायकांनी पॅड मागितले तेही आमच्या बहिणींकडे, हळू आवाजात. आणि कागद! रेशनकार्ड, पासबुकं, जमिनीचे उतारे, सगळे चिखलात. पुढचे दोन दिवस आम्ही वर्तमानपत्रात पानं दाबून कागद वाळवत बसलो. त्यानंतर मी कन्नड शिकायला घेतलं. आता अर्ज वाचून दाखवता येतो.

खानापूरच्या पश्चिमेकडून

मी कॉलेजात असताना जंगलपट्ट्यातल्या एका गावात दहावीच्या मुलांचा रविवारचा वर्ग घ्यायची. मराठी माध्यमाची मुलं, कन्नडच्या पेपरला घाबरणारी. मी नुसती घोकंपट्टी करून घ्यायची. मग बैलहोंगलकडचा एक कन्नड बोलणारा वर्गमित्र आला. त्यानं पुस्तक मिटलं आणि एसटीच्या पाट्यांपासून सुरुवात केली. मुलांना बस येताना ओळखू यायची, पाटी वाचता येत नव्हती. महिन्याभरात पोरं पाट्या वाचायला लागली आणि तो 'चमचा'तला 'च' आणि 'जग'मधला 'ज' आमच्यासारखे म्हणायला लागला. सीमाप्रश्नाच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. मराठीवरचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही, पण त्या मुलांसमोर भांडण घेऊन उभं राहणं मला जमलं नाही.

खरं सांगायचं आहे ते वेगळंच. जुलैत मुसळधार पाऊस, मी दोन रविवार गेलेच नाही. निरोपही दिला नाही. एवढ्या पावसात कोण येतंय, असं मनाशी धरलं. तिसऱ्या रविवारी कळलं, वाडीवरची चार मुलं साकवावरून भिजत येऊन दोन्ही वेळा दुपारपर्यंत शाळेच्या पायरीवर बसून होती. एकीनं मला विचारलं, "बाई, तुम्हाला बरं नव्हतं काय?" रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. पुढं दहावीची परीक्षा होईपर्यंत मी एकही रविवार चुकवला नाही.

बेळगाव, टिळकवाडी

माझा लहानसाच अनुभव आहे. रक्तदान शिबिरासाठी मी पन्नास जणांना गोळा केलं आणि मलाच परत पाठवलं. हिमोग्लोबिन निदान 12.5 लागतं, माझं 9 भरलं. किती दिवसांचा थकवा मी 'अभ्यासाचा ताण' म्हणत होते! डॉक्टरांकडे गेले, गोळ्या घेतल्या, आईचंही तपासलं, तर तिचं माझ्याहून कमी. आता आमच्या शिबिरात परत पाठवलेल्या मुलींसाठी वेगळं टेबल असतं. तिथं कुणीतरी बसून नीट बोलतं, पुढं कुठं तपासायचं ते लिहून देतं. माझ्या लेखी ते टेबल रक्ताच्या बाटल्यांइतकंच महत्त्वाचं आहे.

चिकोडी तालुक्यातून

निपाणीच्या दादांचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी पलीकडच्या बाजूची आहे. 2019 ला आठवीत होते, आमचं घर पाण्यात होतं आणि आम्ही छावणीत. खूप लोक आले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एकदा पुडा हातात देऊन तो हातातच धरायला सांगून फोटो काढला. माझ्या फ्रॉकची मागची शिवण उसवलेली होती, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. दुसऱ्या एक ताई आल्या, त्यांनी विचारलं, "तुझं काय भिजलंय?" मी वह्या दाखवल्या. त्या दुपारभर माझ्याशेजारी बसून एकेक पान सोडवत होत्या. शाई पसरलेली, तरी गणिताची वही वाचली.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. आमचं घर तेव्हा बचावलं, म्हणून मी दहावीतली पोर शेजारच्या छावणीत वाढायला गेले. मोबाईल घरी ठेवून. पहिल्या मुलीला विचारलं, "तुझं काय भिजलंय?" ती म्हणाली, "दप्तर."