मदत हवी आहे : घरच्या जुन्या संगणकासाठी विंडोजऐवजी कोणती मुक्त-स्रोत प्रणाली निवडावी?

नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे राहते. आमच्या घरी २०१३ मध्ये नांदेडहून जुळवून आणलेला संगणक आहे. त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आमच्या यंत्राला ती वाट बंद आहे.

येथील एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांना विचारले असता त्यांनी दोनच उपाय सांगितले : नवीन संगणक घ्या, नाहीतर ‘क्रॅक’ केलेले विंडोज ११ टाकून देतो. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजार समितीत जाईपर्यंत आमच्या हातात मोकळा पैसा नसतो, म्हणून पहिला उपाय यंदा शक्य नाही. दुसऱ्याची चव आम्ही चार वर्षांपूर्वी घेतली आहे. अशाच एका प्रतीबरोबर काहीतरी संगणकात शिरले आणि बचत गटाच्या तीन महिन्यांच्या हिशेबाच्या फाइली उघडेनाशा झाल्या. पंधरा बायकांसमोर वह्या पुन्हा पहिल्यापासून मांडताना जी शरम वाटली, ती मला पुन्हा नको आहे.

संगणक आम्ही तिघे वापरतो. मी गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते, सभेचे इतिवृत्त मराठीत लिहिते आणि सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा असली कामे ब्राउझरमधून करते. मुलगा नववीत असून त्याला पायथन ही संगणकाची भाषा शिकायची आहे. तिसरे आमचे मामंजी, आणि खरी अडचण त्यांचीच आहे. ते शाळेत लिपिक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आसपासच्या गावांतील म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून उतरवून घेतल्या. आज त्यांच्या चाळीस फाइली झाल्या आहेत. हे सारे टंकन त्यांनी युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षर-पद्धत रुळण्यापूर्वीच्या काळातील एका फाँटमध्ये, मराठी टाइपरायटरच्या म्हणजे रेमिंग्टन कळफलकाच्या सवयीने केले आहे. तो फाँट नसलेल्या संगणकावर ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांनी नवा कळफलक शिकावा, असे म्हणण्याचा मला अधिकार वाटत नाही.

मी थोडे वाचन केले आहे. लिनक्सवर उभी असलेली डेबियन ही प्रणाली १९९३ पासून आहे, त्यावर आधारलेली उबुंटू २००४ मध्ये आली आणि उबुंटूवर आधारलेली लिनक्स मिंट २००६ मध्ये, एवढी वंशावळ मला समजली. झोरिन या आणखी एका लिनक्स प्रणालीचे रूप विंडोजसारखे असल्याचे दिसले. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठी केलेली प्रणाली आहे, हे वाचून प्रथम तिच्याकडेच ओढा झाला. केरळच्या शाळांत उबुंटूवर आधारित प्रणाली मुले सर्रास वापरतात, तर आपल्याला का जमू नये, असेही वाटले. पण प्रत्येक लेखात ‘सर्वोत्तम’ म्हणून वेगळेच नाव असते आणि त्या लेखकांपैकी कोणाच्याही घरी ओव्यांच्या चाळीस फाइली नसतात.

मला सर्वोत्तम प्रणाली नको आहे. आम्हा तिघांचे काम अडू नये आणि काही बिघडल्यास कोणाचे पाय न धरता मला दुरुस्त करता यावे, एवढीच अपेक्षा आहे. माझे शिक्षण कला शाखेचे. संगणकाचे ज्ञान एमएस-सीआयटीपुरते. जुन्या फाइली दिसतील का, रेमिंग्टनने लिहिता येईल का, एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर चालेल का, आणि आमच्याकडे दिवसातून दोनदा वीज जाते तेव्हा प्रणाली बिघडणार तर नाही ना, हे कृपया कोणी अनुभवाने सांगावे. विंडोज पूर्ण काढावे की शेजारी ठेवावे, हेही मला ठरवता आलेले नाही.

प्रतिसाद, लातूरहून :

ताई, नमस्कार. आपण घरातील कामे आधी सांगितलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपल्या यंत्रासाठी मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवेन. मिंटची सिनॅमन आवृत्ती दिसायला अधिक देखणी आहे, परंतु ४ जीबी रॅमवर त्या देखणेपणाचा भार जाणवतो. उबुंटूही चांगली आहे. मात्र तिच्यात फायरफॉक्स ‘स्नॅप’ या बांधणीत येतो आणि फिरत्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडेपर्यंत चहा होतो. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. ‘बॉस’विषयी आदर आहेच, पण ती ज्या मराठी सोयींसाठी घ्यावीशी वाटते, त्या सोयी आता साऱ्याच प्रणालींत आहेत. नवख्या माणसाने आपल्या अडचणीसारखीच अडचण आधी हजारो लोकांना आलेली आहे अशी प्रणाली घ्यावी, कारण अडल्यावर उत्तर शोधून सापडते.

विंडोज शेजारी ठेवण्यापेक्षा मी वेगळा मार्ग सांगतो. २४० जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या, जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा आणि मिंट नव्या एसएसडीवर बसवा. यात दोन लाभ आहेत. मामंजींच्या फाइली, त्यांचे जुने टंकन-सॉफ्टवेअर आणि विंडोज हे सारे जसेच्या तसे सुरक्षित राहते. कधी गरज पडलीच तर ती डिस्क परत जोडता येते, फक्त त्या वेळी इंटरनेट जोडू नये. दुसरे असे की, तुमच्या संगणकाचा मंदपणा मुख्यतः त्या फिरत्या डिस्कमुळे आहे. नुसती प्रणाली बदलून जो फरक पडेल, त्याहून अधिक फरक एसएसडीने पडेल. जुनी डिस्क काढण्यापूर्वी विंडोज बंद करताना शिफ्टची कळ दाबून ठेवून ‘शट डाउन’ करा. एरवी विंडोज अर्धवट झोपलेल्या अवस्थेत बंद होते आणि पुढे त्या डिस्कवर लिनक्सला फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

परंतु पैसे खर्च करण्यापूर्वी फुकट परीक्षा घ्या. मिंटची सुमारे ३ जीबीची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा, तिथे दिलेल्या चेकसमशी, म्हणजे फाइल नीट उतरली का हे पडताळण्याच्या अंक-अक्षरांशी, ती ताडून पाहा, आणि एचर किंवा रुफस हे सॉफ्टवेअर वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, हे लक्षात असू द्या. संगणक सुरू होताना एफ-११ किंवा एफ-१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला की डिस्कला हात न लावता पूर्ण प्रणाली चालते. आवाज, इंटरनेट, प्रिंटर आणि मराठी हे सारे तिथेच तपासावे. वाय-फायचा डोंगल ओळखला गेला नाही, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग सुरू करावे, म्हणजे ड्रायव्हर उतरवण्यापुरते इंटरनेट मिळते.

आता मराठी. आयबस आणि एम-१७-एन हे टंकनाचे दोन घटक बसवल्यावर मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक, टाइपरायटर आणि रेमिंग्टन असे कळफलक दिसतात. शेवटच्या दोहोंपैकी मामंजींच्या बोटांना जो जुळेल, तो ठेवावा. जुन्या फाइलींसाठी त्यांचा फाँट, म्हणजे टीटीएफ फाइल, विंडोजमधून उचलून मिंटमध्ये बसवला की लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे मिंटसोबत येणाऱ्या वर्ड-एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, ओव्या वाचता येतील. वाचता येणे आणि युनिकोडमध्ये आणणे या मात्र निराळ्या गोष्टी आहेत. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या अक्षरावर बसतात, कारण जुन्या फाँटमध्ये अक्षरे उच्चाराच्या नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने साठवलेली असतात. तेवढे काम माणसालाच करावे लागते.

वीज गेल्याने प्रणाली सहसा बिघडत नाही. मिंट ज्या एक्स्ट-४ पद्धतीने डिस्कवर लिहिते, तिच्यात बदलांची आधी नोंद होते आणि वीज आल्यावर त्या नोंदीवरून डिस्कची घडी नीट बसवली जाते. न जतन केलेला मजकूर मात्र जातोच, म्हणून लिब्रेऑफिसमध्ये आपोआप जतन होण्याचा अवधी दहावरून दोन मिनिटांवर आणा. प्रणाली बसवत असताना आणि मोठी अद्यतने घेताना यूपीएस हवाच; यात चालढकल करू नका. प्रणालीची प्रत घेऊन ठेवणारे टाइमशिफ्ट मिंटमध्ये आधीपासून असते. ते पहिल्याच दिवशी सुरू करा, म्हणजे एखाद्या अद्यतनाने घोळ केल्यास आदल्या दिवशीच्या स्थितीला परतता येते. त्यात प्रणालीची प्रत राहते, तुमच्या हिशेबाची नव्हे. हिशेब वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावा.

लिब्रेऑफिसमध्ये तुमच्या एक्सेलच्या फाइली उघडतील. त्यांत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर मात्र अडचण येईल. विंडोजचा मंगल फाँट नसल्याने मराठी मजकुराच्या ओळी आणि पाने थोडी सरकतील, म्हणून बँकेला इतिवृत्त पाठवताना पीडीएफ पाठवत जा.

धागाकर्तीचा प्रतिसाद, दोन आठवड्यांनंतर :

दादा, आपण सांगितले त्याप्रमाणे रविवारी पेनड्राइव्हवरून परीक्षा घेतली. इंटरनेट आणि आवाज लगेच सुरू झाले. प्रिंटर ओळखला गेला, पण कागद बाहेर येईना. एचपीचे एचपीलिप सॉफ्टवेअर जो जादा प्लगइन मागत होते, तो उतरवल्यावर पहिले पान छापून आले. हा प्रिंटर बंद झाला की आपले फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, विसरतो आणि दर वेळी संगणकाकडून ते मागून घेतो, असे मुलाने शोधून काढले. वीज जाऊन आल्यावर तो पुन्हा छापतो का, हेही त्याने मुद्दाम बटण बंद करून पाहिले, आणि छापले.

एकदा मात्र घाबरले. पेनड्राइव्ह काढून विंडोजमध्ये परतले, तर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. यंत्र बिघडवले असे समजून मी तासभर त्याला हात लावला नाही. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, हे नंतर कळले. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवले असते, तर हा झगडा रोजचा झाला असता.

एसएसडी नांदेडहून मागवली आणि परवा मिंट बसवले. आधी मी इनस्क्रिप्टने ‘दुसऱ्या’ हा शब्द लिहून पाहिला. शिफ्टसह जे, मग डी, मग य ची कळ दाबल्यावर ऱ्य नीट उमटला. नंतर मामंजींना बसवले. त्यांनी रेमिंग्टन नाकारला आणि ‘टाइपरायटर’ घेतला. दोन-तीन अक्षरे त्यांच्या आठवणीतल्या जागी नव्हती, तेव्हा त्यांनी कळफलकाचे चित्र छापून मागितले आणि भिंतीला चिकटवले.

जुना फाँट बसवल्यावर चाळीसपैकी अडतीस फाइली वाचता आल्या. उरलेल्या दोन वेगळ्याच फाँटमधील निघाल्या. तो जुन्या डिस्कवर शोधायचा आहे. परिवर्तन केलेल्या पहिल्या फाइलीत रफार तुम्ही म्हणालात तसेच सरकले होते. मी एकेक दुरुस्त करत होते, तर मामंजी म्हणाले, “राहू दे, मी वाचत वाचत करतो, त्या निमित्ताने ओव्या पुन्हा वाचून होतील.” रोज दुपारी वीज असेल तेवढा वेळ ते बसतात. आजवर चार फाइली झाल्या आहेत.