मदत हवी आहे: स्पेलचेकला न सापडणाऱ्या चुका कशा पकडायच्या?

मंडळी, जरा मदत करा. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टला आहे, दिवसभर अमेरिकेतल्या क्लायंटला मेल टाकणं हेच काम. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे इंग्रजी बोलता येतं पण स्पेलिंगला अजून हात अडतो.

परवा सर्व्हर बदलायचा होता. मेलमध्ये लिहिलं की आम्ही डेटा लूज करणार नाही, आणि घाईत लूजला दिले दोन ओ. स्पेलचेक गप्प, कारण दोन ओवाला लूज म्हणजे सैल, तोही खराच शब्द. क्लायंटचं उत्तर आलं, वा, डेटा बांधूनच ठेवा, मोकाट सोडू नका! सीसीत बारा जण. आपण नट लूज झाला आणि मॅच लूज केली दोन्ही एकाच तोंडाने म्हणतो हो, इंग्रजीत पहिल्याच्या शेवटी स आणि दुसऱ्याच्या शेवटी झ असतो हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं.

बाकीच्यांचं मी काहीतरी जमवलंय. सेपरेटच्या पोटात रॅट असतो, डेफिनेटलीच्या पोटात फायनाइट, अकोमोडेशन म्हणजे डबल रूम म्हणून सी पण डबल आणि एम पण डबल (हे माझं स्वतःचं, हसू नका). शाळेत शिकवलेलं 'आय बिफोर ई एक्सेप्ट आफ्टर सी' मात्र रिसीव्हपुरतंच कामाला येतं, वीअर्ड आणि सायन्सला त्याने दगा दिला.

दुसरा घोळ म्हणजे चूक कशाला म्हणायचं. मी मीटिंग प्रीपोन करू का विचारलं तर त्याच क्लायंटने असा शब्दच नाही म्हणून कळवलं. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे की, भारतीय इंग्रजीतला म्हणून! आणि हे साहेब स्वतः 'इररिगार्डलेस' लिहितात, 'कुड हॅव'च्या जागी 'कुड ऑफ' लिहितात. इररिगार्डलेस मेरियम-वेबस्टरमध्ये आहे, पण नॉनस्टँडर्ड असा शिक्का मारून, आणि साधं रिगार्डलेस वापरा असा सल्ला देऊन. म्हणजे डिक्शनरीत सापडला तरी ऑफिसात चालेलच असं नाही, मग बघायचं कुठे?

शेजारच्या डेव्हलपरने माझी समजूत घातली ती वेगळीच. लिंक दाबल्यावर आपण कुठल्या पानावरून आलो ते ब्राउझर सर्व्हरला ज्या हेडरमधून सांगतो, त्या 'रेफरर'च्या स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे, १९९६ च्या एचटीटीपीच्या आरएफसीत (म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरने एकमेकांशी कसं बोलायचं ते लिहिलेल्या तांत्रिक कागदात) तसंच गेलं आणि आता सगळं जग तेच चुकीचं स्पेलिंग वापरतं. बरं वाटलं ऐकून, पण माझं अप्रेझल काही आरएफसी करत नाही.

तर सांगा, लूजसारखे दोन्ही बाजूंनी बरोबर दिसणारे शब्द पकडायला तुम्ही काय करता? मेल मोठ्याने वाचून पाहिला, पण माझ्या उच्चारात दोन्ही लूज सारखेच, त्यामुळे काही उपयोग नाही. आणि अपडेशन, रिव्हर्ट बॅक असले आपल्याकडचे शब्द परदेशी मेलमध्ये चालवता का?

उद्या चारला त्याच सर्व्हरचा पुढचा मेल जायचाय. 'डेटा सुरक्षित राहील' हे लूज न वापरता लिहायला एखादं वाक्य असेल तर आजच टाका, प्लीज.