फोनवर १४४०पी लावणाऱ्यांनो, नक्की काय दिसतं तुम्हाला?

चौकस: एका महाशयांनी लिहिलंय, फोनवर १४४०पी, म्हणजे १४४० ओळींचा व्हिडिओ, न लावणाऱ्याने डोळे तपासून घ्यावेत. बरं, डोळ्यांपासूनच सुरुवात करू. ६/६ नजरेला अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा कळतो. फोन ३० सेंमीवर धरला तर तो होतो जेमतेम ०.०९ मिमी. साडेसहा इंची लांबुळका फोन आडवा धरला की पडद्याची उंची भरते साधारण ६८ मिमी. त्यात ७२० ओळी बसवा, एक ओळ ०.०९ मिमी. संपला हिशेब. त्यापुढे नुसता डेटा जाळायचा आणि बॅटरीचा शेक घ्यायचा.

निशाचर: ते महाशय मीच. हिशेब चोख आहे, पण नुसत्या ओळी मोजून काय होतंय? बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो, तो कुठे गेला? ७२०पीवर रात्रीचा प्रसंग लावा. काळ्या भिंतीवर छटांच्या पायऱ्या पडतात, पावसाचे ठोकळे होतात. माझा पडदा १०८०चाच आहे, तरी १४४०पी लावतो, कारण त्या स्ट्रीमला बिट जास्त मिळतात. यूट्यूबने २०२३मध्ये '१०८०पी प्रीमियम' काढलं ते काय ओळी वाढवून? ओळी तेवढ्याच, बिटरेट वाढवला.

चौकस: मग बिटरेट वाढवा म्हणा की! १४४०चा झेंडा कशाला नाचवताय?

निशाचर: मेनूत बिटरेटचं बटण असतं तर तेच दाबलं असतं. आहे का?

पानापक्कड: सर्किट दुरुस्तीचा व्हिडिओ बघत होतो, ७२०पीवर. रेझिस्टरचे पट्टे तपकिरी, काळा आणि तिसरा... लाल की तपकिरी? लाल असेल तर हजार ओहम, तपकिरी असेल तर शंभर. दोन बोटांनी झूम केलं तर नुसता चिखल. बहुतेक स्ट्रीममध्ये रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच ठेवतात, म्हणजे ७२०पीत रंगाच्या ओळी ३६०. तुमच्या ०.०९मध्ये हे धरलंय का? १४४०पी लावलं, पट्टा लाल निघाला.

जुनं खोड: तुमचं बरंय, तुम्हाला १४४० आणि ७२० निवडता तरी येतं. मी सगळ्यात महागडी वर्गणी भरतो, आणि फोनवर ४८०पीच्या वर काही सरकत नाही. तक्रार केली तर म्हणे फोन बंद करून चालू करा.

निशाचर: काका, तुमच्या फोनवर वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारं कुलूप, एल३ या खालच्या पातळीचं असणार. वरची पातळी एल१ नसेल तर बरीच ॲप एसडीच (साधारण ४८०पी) देतात, वर्गणी कितीही भरा.

जुनं खोड: मग खोक्यावर 'फुल एचडी प्लस' कशाला छापतात?

निशाचर: तो पडद्याचा आकडा झाला. एल१ आहे की नाही ते खोक्यावर क्वचितच लिहितात.

चौकस: धाग्याचा विषय हा नाही.

जुनं खोड: तुमच्या विषयापेक्षा मोठा आहे. तुम्ही नको म्हणून ७२० लावता, मी पैसे मोजून ४८० बघतो. जास्त शहाणपणा नको.

चौकस: शहाणपणा कुणी केला? विषय सोडू नका एवढंच म्हटलं.

पानापक्कड: काका, दुसरी रॉम, म्हणजे फोनची सिस्टिम, टाकायला फोनचा बूटलोडर अनलॉक केला होता का कुणी? काही फोनमध्ये त्यानेही एल१ जातं.

जुनं खोड: भाच्याने फोन हलका करून दिला होता, नवीन रॉम की काय ते टाकून. पण त्याचा इथे काय संबंध?

पानापक्कड: 🙏

चौकस: असो. झूम करून रेझिस्टर वाचणाऱ्यांना १४४०पी मंजूर. रंगाचा मुद्दा मी धरला नव्हता, घ्या, खूश व्हा. बाकी जनतेने ७२०वर गप्प बसावं. एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटचा हार्डवेअर डिकोडर (तो उलगडणारा चिपमधला भाग) नसलेल्या फोनवर १४४० लावून मग 'फोन तापतो' म्हणून रडू नये.

निशाचर: अंधाराचं राहिलंच.

चौकस: ब्राइटनेस कमी करा, पायऱ्या दिसणार नाहीत.

निशाचर: प्रसंगही दिसणार नाही.

जुनं खोड: भाचा फोन उचलत नाहीये. एल१ परत कसं आणायचं, कुणी सांगेल का?