मदत हवी आहे: दोष रोमिओचा की धर्मगुरू फ्रायर लॉरेन्सचा?

मंडळी, लेकीला 'रोमिओ अँड ज्युलिएट'वर निबंध लिहायचाय: शोकांतिकेला जबाबदार कोण? मी म्हणते, पोरांची घाई. रविवारी रात्री भेट, सोमवारी दुपारी लग्न! आणि त्याच रविवारी हा पठ्ठ्या रोमिओ रोझालाइन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी उसासे टाकत होता. लेक म्हणते, ज्युलिएटला १४ वं वर्षही पुरं नाही, तिला काय बोल लावणार? शिवाय प्लेगच्या धास्तीत फ्रायर लॉरेन्सचं, ज्युलिएटचं मरण खोटं असल्याचं रोमिओला कळवणारं पत्र अडकलं, त्यात रोमिओचा काय दोष? इथे मी गप्प. पण फ्रायरला न भेटता त्यानं मांटुआतच, हद्दपारीच्या गावी, विष विकत घेतलं ना! फ्रायरच्या औषधानं ज्युलिएटला आलेली ४२ तासांची गुंगी उतरतच आली होती हो. फ्रायरला दोषी धरायचं तर कुठले प्रवेश घ्यावेत? परवा द्यायचाय.