जे-२४ रटाळ बोट आहे. पटत नसेल तर खोडून दाखवा

डोलकाठी:
मुंबईत शिडाची बोट शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांना बऱ्याचदा पहिल्याच दिवशी जे-२४ वर बसवतात. त्यातले बरेच जण पुन्हा फिरकत नाहीत. माझ्या मते दोष माणसांचा नाही, बोटीचा आहे.

१९७७ पासून चालत आलेली ही अमेरिकन कीलबोट, म्हणजे तळाला जड पातं (कील) असलेली. डिझाइन रॉड जॉनस्टन यांचं, लांबी चोवीस फूट, वजन साधारण १४०० किलो. अशा जड बोटींचं गणित सोपं असतं. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. आला नॉटमधला कमाल वेग. जे-२४ ची ती लांबी २० फूट, म्हणजे वेग ६ नॉट, ताशी अकरा किलोमीटर. वारा वाढला की बोट आणखी कलते, आणखी पाणी ढवळते आणि वेग तिथल्या तिथेच.

याउलट ५९ किलोची लेझर. (आता तिला आयएलसीए म्हणायचं, पण किनाऱ्यावर कोण म्हणतं?) पंधरा नॉट वाऱ्यात ती नाळ (पुढचं टोक) उचलते आणि पाण्यावरून घसरत सुटते. एक शीड, एक माणूस, चुकलं की थेट पाण्यात.

माझी यादी अशी. मजेदार: लेझर, ट्वेंटीनाइनर, हॉबी १६. संथ: एंटरप्राइज. रटाळ: जे-२४, ऑप्टिमिस्ट आणि झाडून सगळ्या क्रूझर, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या बोटी. बोला.

गेटवेकर:
पंधरा नॉट रोज मिळतात ती मुंबई कुठली? पत्ता द्या, आम्हीही येतो.

आपला मोसम ऑक्टोबर ते मे. सकाळचा मतलई वारा ऊन चढलं की दम टाकतो आणि खारा वारा वायव्येकडून नीट भरायला दुपार उजाडते. त्या मधल्या वेळात लेझरमध्ये बसून पाहा. बूमखाली (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखाली) मान घालायची, गुडघे हनुवटीशी घ्यायचे आणि हलायचं नाही, कारण हललं की शिडातली उरलीसुरली हवाही झटकली जाते. त्यात ओहोटी. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. एवढं पाणी बंदराबाहेर निघालं की तुमची मजेदार बोट मुकाट्याने प्राँग्स दीपगृहाच्या दिशेने चालू लागते.

जे-२४ ला त्या वाऱ्यासाठी मोठा जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, आहे. तिचं वजन तुम्ही दोष म्हणून सांगितलंत. पण एकदा धरलेला वेग त्या वजनामुळेच टिकतो. मांडव्याच्या लाँचची लाट आडवी आली की लेझर जागच्या जागी मरते, जे-२४ चालत राहते. शिवाय तुमचं ते गणित सपाट पाण्याचं. जोराच्या वाऱ्यात मागून लाट आणि वर स्पिनेकर (फुग्यासारखं फुगणारं शीड) असला की हीच बोट सहाचा आकडा ओलांडते.

आणि पाच जणांचा क्रू. स्पिनेकर उतरवताना अडकला की स्किपर ज्या शिव्या देतो, त्या लेझरवाल्याला कोण देणार?

मुठाकाठ:
जे-२४ चं तुम्ही दोघं बघा. एंटरप्राइजला संथ म्हटलेलं मात्र चालणार नाही.

वेगवेगळ्या जातीच्या डिंग्या (छोट्या उघड्या बोटी) एकत्र पळवायच्या तर ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ यार्डस्टिक ही आकड्यांची पद्धत वापरतात. आकडा जितका मोठा तितकी बोट हळू. फोर्टीनाइनर ७०० च्या आसपास, लेझर ११०० च्या, एंटरप्राइज ११२० च्या, ऑप्टिमिस्ट १६०० च्या वर. म्हणजे तासाभराच्या शर्यतीत लेझर आणि एंटरप्राइजमध्ये फरक मिनिटभराचा. एका मिनिटासाठी एक बोट ‘मजेदार’ आणि दुसरी ‘संथ’?

जॅक होल्ट यांनी १९५६ साली काढलेली ही बोट भारतात का रुजली, तेही बघा. प्लायवूडची, दोन माणसांची, कुठल्याही तलावात चालणारी. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण जिंकलं ते एंटरप्राइजमध्येच.

आमच्या खडकवासल्यासारख्या पाण्यावर वारा डोंगरांना वळसा घालून येतो. आत्ता डावीकडून, क्षणात उजवीकडून, मग गायब. तिथे नुसत्या वेगाला कोण विचारतो? पुढचा झोत पाण्यावर काळा होऊन येताना आधी कुणाला दिसला, यावर शर्यत ठरते. बोट चटकन वळली पाहिजे, आणि एंटरप्राइज वळते.

डोलकाठी:
@मुठाकाठ, आकडे मान्य. पण यार्डस्टिक सरासरी वेळ सांगते, अंगावर काटा आला की नाही ते सांगत नाही. एंटरप्राइजला ट्रॅपीझ (डोलकाठीच्या तारेला लटकून बोटीबाहेर झुकायची सोय) नाही, स्पिनेकर नाही. वाऱ्यासोबत जाताना क्रूने जिबला (पुढच्या छोट्या शिडाला) पोल लावून द्यायचा आणि डुलकी काढायची.

मुठाकाठ:
जोराचा वारा मागून असताना ती दोन्ही बाजूंना लंबकागत झुलायला लागते. तेव्हा काढा डुलकी. भेटू पाण्यात.

ऑप्टीची आई:
तुमच्या यादीत ऑप्टिमिस्ट रटाळ. कुणासाठी? ती तुमच्यासाठी नाहीच. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती मुलांसाठी बनवली. जेमतेम २.३ मीटरची, पुढून चपटी. दिसते घंगाळासारखी, मान्य. पण पंधरा वर्षांपर्यंतची मुलं तिच्यात एकटी बसतात. शीड त्यांचं, सुकाणू त्यांचं, आत आलेलं पाणी उपसायचं तेही त्यांनीच. माझी मुलगी घरी स्वतःचं ताट उचलत नाही, तिथे मात्र वारा कुठून फिरणार हे मला ऐकवते. मोठ्या माणसाने लहान मुलाची सायकल चालवून ‘हळू आहे’ म्हणण्यात काय अर्थ?

डोलकाठी:
ऑप्टिमिस्ट यादीतून मागे घेतो. आयांशी वाद नाही.

तांडेल:
‘झाडून सगळ्या क्रूझर’ यावर बोलायचं आहे.

सुहेली ही बत्तीस फुटी बोट कुलाब्यात बांधली गेली. सागवानी, जड, इथल्याच कारागिरांच्या हातची, १९६४ मध्ये पाण्यात उतरलेली. तुमच्या हिशेबाने रटाळपणाचा कळस. १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण एकटे जगप्रदक्षिणेला निघाले. पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, सुहेलीतून, ३१२ दिवसांत. दिवसाला सरासरी शंभर मैलांच्या आतबाहेर. वेगवान बोटींचं काय झालं? नायजेल टेटली यांची ट्रायमरान (तीन सांगाड्यांची बोट) घराजवळ येत असताना फुटून बुडाली. मागचा गडी पुढे जाईल या भीतीने त्यांनी ती ताणली होती.

अलीकडचं उदाहरण हवं तर अभिलाष टॉमी. २०२२-२३ ची गोल्डन ग्लोब, रस्टलर ३६ ही लांब कीलची जाडजूड बोट, २३६ दिवस, दुसरा क्रमांक. जिच्यावर सात-आठ महिने जीव टाकायचा, ती नाळ उचलून पळणारी नको असते.

डोलकाठी:
आदर आहेच. पण पोहोचवणारी बोट आणि मजा देणारी बोट हे दोन वेगळे प्रश्न. शिवाय २०१८ मध्ये टॉमी ज्या थुरियावर होते, ती गोव्यात बांधलेली सुहेलीचीच प्रतिकृती. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, ते जबर जखमी झाले. तेव्हा जड म्हणजे सुरक्षित हेही सरसकट खरं नाही.

तांडेल:
त्या वादळात तुमची लेझर घेऊन गेला असतात तर?

तिरका वारा:
हॉबी १६ मजेदार यादीत बघून हसू आलं. सरळ पळताना स्वर्ग. पण टॅक करायला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून वळायला, गेलात की अर्ध्यात अडकते, मग जिब उलटा धरून मागे मागे जात वळायचं. आणि जोरात असताना तिच्या दोन सांगाड्यांपैकी खालच्या बाजूच्याची नाळ पाण्यात घुसली की ट्रॅपीझवरचा माणूस डोलकाठीला प्रदक्षिणा घालून येतो. ज्यांना हेच आवडतं त्यांच्यासाठी उत्तम.

उलांडी:
कोकणातल्या शिडाच्या होड्यांचं कुणी नाव काढलं नाही. तिरकं शीड, ते बांधायचं लांब परबाण (आडवं लाकूड). दिशा बदलायची तर अख्खं परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यायचं. वारा वाढला की एकाने उलांडीवर (होडीबाहेर काढलेल्या तोलाच्या लाकडावर) चढून बसायचं. तुमच्या ट्रॅपीझचं काम तेच. आता बहुतेकांना इंजिन लागलंय, त्यामुळे या यादीत त्या येणार नाहीत, पण रटाळ खास नव्हत्या.

गेटवेकर:
मूळ मुद्द्यावर या. एकाच जातीच्या दहा बोटी आरंभरेषेवर असल्या आणि तासभर झुंजून अर्ध्या लांबीने हरलो, तर सहा नॉट हळू वाटत नाहीत. शेजारी दुसरी बोट नसली की तुमची लेझरही रटाळच.

डोलकाठी:
अजिबात नाही. लेझर घेऊन मी एकटा जातो आणि एकटाच मजा करून परत येतो. जे-२४ ला मजा यायला पाच माणसं, नऊ प्रतिस्पर्धी आणि वर स्किपरच्या शिव्या लागतात, हे तुम्हीच आत्ता लिहिलंत. एंटरप्राइज ‘संथ’मधून काढली, हॉबीचं तळ्यात-मळ्यात. जे-२४ जिथे आहे तिथेच राहील.